बीएच्या वर्गात खेळ घेऊन शिकवता येतं का? कुणी केलंय का?

तालुका_प्राध्यापक
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी सिनियर कॉलेजला इकॉनॉमिक्स शिकवतो. एफवायबीएचा वर्ग, पटावर ८०, येतात ५०-६०, निम्मी पोरं एसटीने. मागणी-पुरवठ्याची आकृती फळ्यावर काढली की वहीत हुबेहूब उतरते, पण समतोल किंमत, म्हणजे मागणी नि पुरवठा जुळतात तो भाव, ठरवतं कोण असं विचारलं की सगळे गप्प, फार तर कुणीतरी म्हणतं सरकार. आणि हीच पोरं बापाबरोबर कांदा घेऊन मार्केट यार्डात जातात! खेळातून, नाटकातून काही करावं असं सारखं वाटतं, पण बाक जमिनीला ठोकलेले, तास ४८ मिनिटांचा, पेपरात काय येणार ते ठरलेलं. कॉलेजात हे कुणी खरंच केलंय का, की शाळेपुरतंच ठीक?

पत्तेवाली_मॅडम
सर, नक्की करा, तुमच्याच टॉपिकचा खेळ आहे. हार्वर्डमध्ये एडवर्ड चेंबरलिन विद्यार्थ्यांना विकणारे-घेणारे करून वर्गातच बाजार भरवायचे, १९४८ ला त्यावर त्यांचा पेपर आला. व्हर्नन स्मिथ तिथे विद्यार्थी होते. पुढे स्वतः शिकवायला लागल्यावर त्यांनी नियम बदलला, बोली सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशी लावायची, आणि भाव समतोलाजवळ यायला लागले. त्यातून प्रायोगिक अर्थशास्त्र उभं राहिलं आणि स्मिथना २००२ चं नोबेल मिळालं. म्हणजे कुणी पोरखेळ म्हटलं तर हे सांगा.

पत्त्यांचे दोन कॅट घ्या, राजा-राणी-गुलाम काढून टाका, एक्का म्हणजे १. लाल पत्ता घेणाऱ्याला, काळा विकणाऱ्याला. लालवरचा आकडा म्हणजे यापेक्षा जास्त देणार नाही, काळ्यावरचा म्हणजे एवढा खर्च आलाय, त्याखाली देणार नाही. एक पत्ता एक गोणी, आणि पत्ता कुणाला दाखवायचा नाही. पोरं कमी असली तरी लाल-काळे सारखे वाटा आणि दोन्हींत लहानमोठे सगळे आकडे येऊ द्या. पाच मिनिटं सौदे, प्रत्येक सौद्याचा भाव फळ्यावर, मग तेच पत्ते ठेवून पुन्हा फेरी. पहिल्यांदा ३ लाही विकलं जातं नि ८ लाही, पुढे पुढे बहुतेक सौदे ५-६ च्या आसपास यायला लागतात. मग पत्ते उघडायला लावा, त्यावरूनच मागणी नि पुरवठ्याच्या रेषा काढा, बरोबर ५ आणि ६ च्या मध्ये छेदतात. तो भाव कुणीच ठरवलेला नसतो, आणि हे त्यांच्या डोळ्यांसमोर झालेलं असतं. दुसऱ्या दिवशी जाहीर करा, ४ च्या वर विकायला बंदी. १० चा पत्ता हातात असूनही माल मिळत नाही म्हटल्यावर पोरं काय तावातावाने बोलतात बघा!

जुना_फळा
प्रयोग चांगला आहे पण मला एक खटकतं. ओरडून भाव करणं वर्गातल्या ठरावीक सात-आठ जणांना जमतं, मागच्या बाकावरच्या मुली पत्ता धरून नुसत्या बसतात आणि मास्तरांना वाटतं वर्ग रंगला. मजा आली म्हणजे समजलं असं नाही ना. आणि जिंकणाऱ्याला इंटर्नलचे मार्क कृपा करून देऊ नका, मार्क आले की पोरं एकमेकांचे पत्ते बघायला लागतात.

पत्तेवाली_मॅडम
सर, अगदी मान्य. म्हणून एक फेरी चिठ्ठ्यांवर घ्यायची, भाव लिहून पुढे पाठवायचा, गप्प बसणारी पोरं तिथे बरोबर खेळतात. आणि शेवटची १५ मिनिटं खेळ बंद म्हणजे बंद, आधी प्रत्येकाने वहीत लिहायचं की माझा सौदा का झाला किंवा का नाही, मग बोलायचं. वेळ कमी पडला तर फेरी कापा पण हे कापू नका, शिकणं इथेच होतं.

घटना_आणि_वर्ग
मी राज्यशास्त्रवाला. बाक हलवायची गरज नाही असा प्रकार सांगतो. संविधान सभेचा एक दिवस वर्गात उभा करतो, १५ नोव्हेंबर १९४८. सभेचे सदस्य के. टी. शहांनी पहिल्याच कलमात सेक्युलर, फेडरल, सोशालिस्ट हे शब्द घाला अशी दुरुस्ती मांडली आणि बाबासाहेबांनी विरोध केला. पोरांना हे पटतच नाही, ते म्हणतात सर तुमचं उलटं झालंय. मग मूळ चर्चा वाचायला देतो, संसदेच्या वेबसाइटवर फुकट आहे. समाजाची घडी कशी असावी हे लोकांनी काळाप्रमाणे ठरवावं, घटनेत बांधून टाकू नये, हा मुद्दा त्यांना स्वतः शोधायचा असतो. भूमिका मुद्दाम स्वतःच्या मताच्या विरुद्ध देतो, भाषण मराठीत, पण सभेत जे बोललं गेलं त्याचा आधार दाखवायचाच. वाचायला कंटाळणारी पोरं बाजू लंगडी पडू नये म्हणून रात्री बसून वाचून येतात.

तालुका_प्राध्यापक
सगळ्यांचे मनापासून आभार. पत्ते घेतोच. आमच्याकडे मार्चनंतर टँकर लागतो, सामाईक पाण्यावर असं काही आहे का?

पुरंदरकर
आहे ना. घमेल्यात १०० चिंचोके, ही विहीर. पाच गट, प्रत्येक फेरीत एका गटाने १० पर्यंत काढायचे, उरतील त्याच्या निम्मे तुम्ही पाऊस म्हणून टाकायचे, पण १०० च्या वर नाही. सगळ्यांनी १०-१० काढले तर तिसऱ्याच फेरीत विहीर कोरडी, ६-६ काढले तर कधीच आटत नाही. आधी न बोलता खेळवा, मग बोलायची मुभा द्या आणि नियम त्यांनाच करू द्या. त्यानंतर आमच्याकडच्या पाणी पंचायतीचे नियम सांगा. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखेंनी सुरू केलेली, पाण्याचा वाटा जमिनीवर नाही तर घरातल्या माणसांवर ठरायचा, ऊस लावायचा नाही, आणि भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. पाचातला एक गट भूमिहीन ठेवा, पण बाकीच्यांनी त्यांना पाणी द्यायचं की नाही याबद्दल तुम्ही एक शब्दही बोलू नका.