१,४२,८५७ : सातच्या भागाकारापलीकडे

१,४२,८५७ या संख्येची मौज १ ला ७ ने भागताना येणाऱ्या आवर्ती दशांशापुरतीच (०.१४२८५७१४२८५७…, तेच सहा अंक पुन्हा पुन्हा) आहे, असे कुणी म्हटले तर ते मला अपुरे वाटते. डहाणूत जन्मलेल्या (म्हणजे आमच्याच गावच्या) गणितज्ञ द. रा. कापरेकरांचे नाव ज्या संख्यांना मिळाले, म्हणजे ज्यांच्या वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज केली की मूळ संख्याच येते, त्यांत हीसुद्धा आहे. काल ओटीवर बसून चिकूच्या पेटीच्या पुठ्ठ्यावर मी तिचा वर्ग हाताने केला, तेव्हा दुसऱ्या खेपेस २०४०८१२२४४९ हे उत्तर मिळाले. उजवीकडचे सहा अंक तोडून २०४०८ आणि १२२४४९ यांची बेरीज केली की मूळ संख्या परत हाती येते. याचे कारण असे, की तिची सातपट ९९९९९९ आहे आणि मूळ संख्येतून १ वजा केल्यास उरणाऱ्या १४२८५६ ला ७ ने नि:शेष भाग जाऊन २०४०८ येतात. त्यामुळे वर्गातून मूळ संख्या वजा केली तर नेमके ९९९९९९ गुणिले २०४०८ उरतात; आणि वर्गातून तेवढेच वजा करणे म्हणजे डावीकडचे २०४०८ दहा लाखांच्या घरातून उचलून उजवीकडच्या १२२४४९ मध्ये मिळवणे. शिवाय अंकांची बेरीज २७ असून २७ गुणिले ५२९१ म्हणजे हीच संख्या, तेव्हा कापरेकरांनीच नाव दिलेल्या हर्षद संख्यांमध्येही (ज्यांना स्वतःच्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो) ती बसते.