अनुभव धागा : तुमच्या आडनावाचे तुमच्या भागात किती जण?

सूत्रधार
1970 साली नवी मुंबई वसवायला सिडको आली तेव्हा इथल्या एकेका गावात दोन-तीनच आडनावं असायची. आज त्याच जागेवरच्या टॉवरखाली नावांची पाटी वाचायला घेतली तर लिफ्ट दोनदा निघून जाते. तुमचं आडनाव आजोबांच्या वेळी किती होतं, आता किती सापडतं? लिहा. 'आमचं मूळ राजपुतान्यात' वगैरे वंशावळी मात्र नकोत, त्यासाठी वेगळा धागा काढू.

खाडीकाठची
घणसोली गाव. आमच्या आळीत 'म्हात्रे' अशी हाक मारा, सगळ्या खिडक्या उघडतील. म्हणून गावात आडनाव कुणी वापरतच नाही. 'कोनाची गं तू?' याचं उत्तर पणजोबांच्या नावाने द्यायचं. लग्नपत्रिकेतही घराची ही ओळख कंसात छापतात, नाहीतर निमंत्रण भलत्याच दारात. कॉलेजला वाशीला गेले तर वर्गात मी एकटी म्हात्रे! सर आडनावाने हाक मारायचे आणि मी ढिम्म. आपल्याला बोलावतायत हे लक्षातच यायचं नाही.

सातबारा
ऐरोली. आमच्या जुन्या उताऱ्यावर आडनावच नाही, नुसतं नाव आणि बापाचं नाव. शाळेत घालताना गुरुजींनी विचारलं तेव्हा थोरल्या आजोबांनी 'पाटील' सांगितलं, धाकट्यांच्या दाखल्यावर 'भोईर' लागलं. सख्खे भाऊ! साडेबारा टक्क्यांच्या (घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात सिडको देते त्या भूखंडाच्या) फायलीच्या वेळी हे सगळं वर आलं. वारस दाखला, 'सदर दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र, वकिलाची फी वेगळी.
बाकी पाटील वाढलेत ते काही एका घरातून नव्हे. ते पद होतं. मुलकी पाटलाचं पद 1962 च्या कायद्याने गेलं, आडनाव राहिलं. जळगावचे लेवा पाटील, कोल्हापूरकडचे पाटील आणि आम्ही आगरी पाटील एकाच सोसायटीत राहतो, नातं शून्य. निवडणुकीत मात्र सारख्या नावाचा अपक्ष उभा करायला सोयीचं पडतं, ते सगळ्यांना माहीत आहे.

पाटण ते कोपरखैरणे
वडील माथाडी. भाजीबाजार वाशीला आला तसे आम्हीही इकडे आलो. गावाकडे आमची अख्खी भावकी शिंदे, इथेही जिन्यात तीन शिंदे. गॅसवाला मजल्यावरून ओळखतो. बहिणीला स्थळ आलं तेही शिंदेच. आडनाव एक पण देवक वेगळं, त्यामुळे जमलं. तिला आधार कार्डावर आडनाव बदलावं लागलं नाही, हा फायदा कुणी सांगत नाही.

गुप्ते, नौपाडा
आमचा एकच ताप. पूर्वी ठाण्यात गुप्ते म्हटलं की समोरचा लगेच 'सीकेपी का?' विचारायचा आणि वालाच्या बिरड्याचा विषय निघायचा. आता फॉर्म भरणारा परस्पर 'गुप्ता' लिहितो आणि माझ्याशी हिंदीत बोलायला लागतो.

जुनं ठाणं
आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. आमच्यात पेणकर, अष्टमकर, किहीमकर अशी कोकणातल्या गावांवरून आडनावं. ठाण्याचं सिनेगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनास्थळ, 1879 चं. आजी सांगायची, सणाच्या दिवशी बसायला जागा नसे. 1948 नंतर इस्रायलला जाणं सुरू झालं, घरं एकेक करून रिकामी झाली. आता आमच्या आडनावाचे ठाण्यात आम्ही आणि एक काका. पण तिकडच्या एका गावात चुलत, मावस धरून इतके जण आहेत की लग्नाच्या फोटोत मावत नाहीत. आडनाव कमी झालं म्हणायचं की नुसतं हललं?

निवृत्त मास्तर
गणित शिकवत होतो म्हणून राहवत नाही. मोठ्या घराण्यांची आडनावं का संपतात, हा प्रश्न गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने 1873 मध्ये मांडला. वॉटसनने त्यावर गणित केलं. आडनाव फक्त मुलाकडून पुढे जातं असं धरा. दर पुरुषाला सरासरी एकच मुलगा असेल, तर एका माणसापासून सुरू झालेलं आडनाव कधी ना कधी संपतंच. कुणाला तीन मुलगे, कुणाला एकही नाही, आणि शून्यावरून परत येता येत नाही. जुनी आडनावं गळत जातात, उरलेली फुगतात. कोरियात दर पाच माणसांत एक किम आहे तो असाच. शिवाय वरच्या घराण्याचं आडनाव लोकांनी आपणहून घेतलं, तो भाग वेगळा.

राजपत्र
मास्तर, नवीन आडनावं जन्मतातही. जुन्या आडनावावरून जात विचारली जायची, म्हणून आमच्या आजोबांनी राजपत्रात जाहिरात देऊन गावावरून 'कर' लावून घेतलं. गावच्या इतरांनी तसं केलं नाही. त्यामुळे आमचं आडनाव फक्त आमच्या घरात. फेसबुकवर शोधलं की मी, भाऊ आणि आत्याचं बंद पडलेलं खातं.

दोघी बहिणी, कळवा
मास्तरांचं गणित आमच्या घरात चालू आहे. आम्ही दोघी, भाऊ नाही, काका अविवाहित. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळाच्या नावात आईचं नाव लावायचा नियम आला, तेव्हा बाबा खूश झाले. मग कळलं, आईचं नाव येतं, आडनाव बापाचंच. बहिणीला सातवा महिना आहे. आपलंच आडनाव लावायचं म्हणते. नवरा तयार आहे, सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.