सेलिकॉफ यांचा १९६४ चा ॲस्बेस्टॉस-निबंध: ‘अपेक्षित मृत्यू’ आणि धूम्रपानाची शंका

वाचनवही:
आयर्विंग सेलिकॉफ, जेकब चर्ग आणि कायलर हॅमंड यांनी १९६४ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला निबंध सध्या वाचत आहे. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी भागात इमारतींतील नळांना व बॉयलरना ॲस्बेस्टॉस या तंतुमय खनिजाचे उष्णतारोधक वेष्टन घालणाऱ्या, कामगार संघटनेच्या ६३२ सभासदांचा १९६२ अखेरपर्यंत माग काढला असता त्यांपैकी ४५ जण फुप्फुसाच्या किंवा फुप्फुसावरणाच्या कर्करोगाने दगावल्याचे आढळले. अपेक्षित मृत्यू होते ६.६. माणसे अपूर्णांकात मरत नाहीत, मग हा आकडा येतो कुठून? शिवाय त्या काळी हे कामगार सिगारेट ओढत असणारच. मग सारा दोष ॲस्बेस्टॉसच्या माथी मारणे कितपत योग्य?

आकडेमोड:
६.६ ही प्रत्यक्ष मोजलेली संख्या नसून गणिताने काढलेली आहे. प्रत्येक कामगार कोणत्या वयात किती वर्षे निरीक्षणाखाली होता हे मांडून, त्या त्या वयाच्या सर्वसाधारण अमेरिकी पुरुषांच्या याच कर्करोगांच्या मृत्युदराने गुणले आणि सर्व गुणाकारांची बेरीज केली की अपेक्षित मृत्यू मिळतात. ४५ भागिले ६.६ म्हणजे जवळपास ६.८ पट.

धूम्रपानाबद्दलची आपली शंका रास्त आहे, परंतु ज्या सर्वसाधारण लोकसंख्येशी तुलना केली तीही धूम्रपान करतच होती, हे आपल्या नजरेतून निसटले असावे. समजा, तिच्यातील निम्मे पुरुष धूम्रपान करतात आणि त्यांचा धोका न करणाऱ्यांच्या दहापट आहे. तर न करणाऱ्यांचा धोका १ धरून सरासरी धोका साडेपाच येतो. आता कामगारांपैकी झाडून सारे धूम्रपान करणारे होते असे धरले, तरी त्यांचे प्रमाण दहा भागिले साडेपाच, म्हणजे दुपटीच्याही आतच राहते. उरलेल्या वाढीचे कारण दुसरीकडेच शोधावे लागते. (हॅमंड हे अमेरिकन कॅन्सर सोसायटीचे संख्याशास्त्रज्ञ, धूम्रपान आणि मृत्यू यांवरील मोठ्या पाहणीत त्यांचाच पुढाकार होता. सिगारेटचा विचार त्यांच्या मनात आला नसेल, हे संभवत नाही.)

धूळपाटी:
याचे पुढचे उत्तर याच गटाने १९७९ साली दिले. अमेरिका व कॅनडातील सुमारे १७,८०० उष्णतारोधक कामगारांचा १९६७ ते १९७६ या काळातील मागोवा त्यात आहे. धूम्रपान नाही आणि ॲस्बेस्टॉसही नाही, अशांचा फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका १ धरला, तर केवळ ॲस्बेस्टॉस असलेल्यांचा सुमारे ५, केवळ धूम्रपान करणाऱ्यांचा सुमारे ११ आणि दोन्ही असलेल्यांचा सुमारे ५३ आला. दोन्ही धोक्यांची नुसती बेरीज होत असती तर तो १५ च्या आसपास राहिला असता. इथे तो गुणाकाराजवळ, म्हणजे ५५ च्या अगदी निकट जातो. धूम्रपान न करणाऱ्या कामगारांतही पाचपट धोका उरतो, म्हणून ‘सिगारेटनेच झाले’ हा बचाव टिकत नाही.

वाचनवही:
आभारी आहे. एक उपप्रश्न आहे. कारखान्यातल्या कामगारांऐवजी संघटनेचे सभासदच का निवडले असावेत?

धूळपाटी:
माझ्या मते निबंधाचे खरे बळ इथेच आहे. आज कामावर असलेल्या माणसांची तपासणी केली तर जे आजारी पडून घरी बसले किंवा वारले ते हिशेबातूनच गळतात आणि धंदा आहे त्यापेक्षा निरुपद्रवी दिसतो. संघटनेच्या नोंदींमुळे १९४३ पूर्वी या धंद्यात आलेल्यांची यादी हाती आली आणि जिवंत-मृत अशा साऱ्यांचा पत्ता लावता आला. १९६२ अखेर त्यांतील प्रत्येकाच्या पहिल्या संपर्काला किमान वीस वर्षे उलटून गेली होती. हे कर्करोग उघड व्हायला दशके लागतात, त्यामुळे पाचदहा वर्षांच्या पाहणीत फारसे काही हाती लागले नसते. दुसरे असे की, हे कामगार ॲस्बेस्टॉसच्या गिरणीत दिवसभर धूळ खाणारे नव्हते. त्यांचा संपर्क मधूनमधून येणारा आणि बहुतांशी हलका समजला जाई.

आकडेमोड:
त्यात एक भर घालतो. मुळातच अशक्त असलेली माणसे अंगमेहनतीच्या धंद्यात शिरत नाहीत, त्यामुळे कामगारांची सर्वसाधारण लोकसंख्येशी केलेली तुलना बहुधा धोका कमीच दाखवते. म्हणजे ६.८ हे प्रमाण फुगलेले असण्यापेक्षा आखडलेले असण्याचीच शक्यता अधिक आहे.