शेवटचा दिवस २५ जून!!

प्राची (युनिट १२): शाळांच्या सुपरिंटेंडंटची मेल पाहिलीत का? आजची धरून बर्फाच्या पाच सुट्ट्या झाल्या. शाळा आता २५ जूनपर्यंत. आमची पुण्याची तिकिटं २० ची आहेत 😡

मंदार (युनिट ३): वहिनी, मॅसॅच्युसेट्समध्ये १८० दिवस भरावेच लागतात. म्हणून बर्फासाठी पाच जास्तीचे धरून वेळापत्रक १८५ चं करतात. ऑगस्टमध्येच छापून आलं होतं.

प्राची: नियम माहीत आहे हो. २०१५ ला बॉस्टनमध्ये ११० इंच बर्फ पडला तेव्हाही आम्ही इथेच होतो.

सुहासकाका: एप्रिलची सुट्टी कापा. बॉस्टन मॅरेथॉनचा सोमवार सुट्टीचा ठेवा, बाकी चार दिवस शाळा.

रेवती: अजिबात नाही!! आमचं फ्लॉरिडा बुक आहे.

प्राची: हो का. तुमचं फ्लॉरिडा ते फ्लॉरिडा, आमचं पुणं काहीच नाही 🙂

मंदार: १८० म्हणजे १८०.

अनघा: शाळेत शिकवते म्हणून सांगते. एपीच्या (कॉलेज पातळीच्या विषयांच्या) परीक्षा मेमध्येच होतात, बर्फासाठी कोणी पुढे ढकलत नाही. फेब्रुवारीत बुडलेला धडा जूनअखेर शिकवून उपयोग काय? तोवर पुस्तकं जमा झालेली, वर्गात एसी नाही, पोरं सिनेमा बघत बसतात. बारावीचे तर आधीच सुटलेले.

किरण: न्यूयॉर्कसारखं झूमवर घ्या.

अनघा: आपल्याकडे तो दिवस धरत नाहीत. आणि पहिलीतलं पोर झूमवर बसवून दाखवा.

स्मिता: आम्ही दोघंही नोकरीला. मुलांचा समर कॅम्प २९ ला सुरू. मला शाळा जितकी लांबेल तितकी बरी.

सुहासकाका: बायको म्हणते, आमच्या नागपूरला उन्हामुळे शाळा जूनअखेर उघडते, इथे बर्फामुळे तेव्हा बंद होते 😂

किरण: विषय निघालाच आहे तर, व्हिजिटर पार्किंगमध्ये खुर्ची कोणाची? बर्फ उपसून खुर्ची ठेवली की जागा आपली, असं चालायला हे साउथ बॉस्टन नाही.

रेवती: दोन तास फावडं मारलंय आम्ही.

किरण: म्हणून जागा नावावर झाली?

मंदार: कृपया विषयावर या. आणखी बर्फाचे दिवस आले आणि राज्याने १८० मधून सूट दिली, तर ते भरून द्यावे लागणार नाहीत. तरच २५ च्या पुढे जाणार नाही.

स्मिता: हे मुलांना सांगू नका, बर्फ पडावा म्हणून रोज पायजमे उलटे घालून झोपतील.

प्राची: मी १८ लाच मुलांना काढणार. गैरहजेरी लागली तर लागू दे.

मंदार: विनापरवानगी लागेल. १८०...

प्राची: दादा, पुरे. तिकीट २६ चं करून देणारा एजंट कोणाला माहीत आहे का?

रेवती: आमचा न्यूजर्सीतल्या एडिसनचा आहे. पर्सनलवर पाठवते.