मदत हवी आहे: पायथनमध्ये आडनावांच्या दोन याद्या जुळवायच्या आणि वर्णानुक्रमे लावायच्या आहेत

वाघबीळकर

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी ठाण्यात, घोडबंदर रोडला. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्याआधी सेक्रेटरी काकूंना दोन याद्या जुळवून हव्यात. एक जे नमुन्यातली सभासद यादी, सोसायटीच्या ऑफिसातल्या मुलाने टाइप केलेली. दुसरी मेंटेनन्सची, अकाउंटंटने पाठवलेली. कोण एकीत आहे आणि दुसरीत नाही ते शोधायचं, आणि मग पूर्ण यादी आडनावाप्रमाणे लावून नोटीस बोर्डावर डकवायची. मी पायथन नुकतंच शिकायला घेतलंय, म्हणून काम अंगावर घेतलं. एक्सेलमध्ये कर असा सल्ला घरात मिळून झालाय, तो कृपया इथे नको.

तर अडचण अशी. सॉर्ट केल्यावर काळे येतात कावळे आणि कासार यांच्या आधी. क्षीरसागर बसतात कोळी आणि खरे यांच्या मध्ये. काकू म्हणतात, "ळ आणि क्ष शेवटी असतात, मुळाक्षरं विसरलास का?"

त्याहून विचित्र म्हणजे बी विंगचे गोऱ्हे. दोन्ही याद्यांत आहेत, डोळ्यांना अगदी सारखे दिसतात, पण दोन्ही याद्यांचे सेट करून वजाबाकी केली की पायथन म्हणतं हे दुसऱ्या यादीत नाहीतच. स्पेस वगैरे काढून पाहिली. आणि फ्लॅट नंबर लावले तर ११०४ येतो २०३ च्या आधी.

रात्रपाळी

फ्लॅटचं सोपं आहे. तुमचे नंबर स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर आहेत, आणि स्ट्रिंगची तुलना डावीकडून एकेक चिन्ह घेऊन होते. १ हा २ पेक्षा लहान, विषय संपला, पुढचं कोणी बघतच नाही. सॉर्टला की देता येते, म्हणजे कशावरून लावायचं ते सांगणारं फंक्शन; त्या की मध्ये इंट, म्हणजे पूर्णांक, करून द्या. देवनागरी आकडे असले तरी पायथनचं इंट ते बिनतक्रार वाचतं, बदलत बसू नका.

विंगसकट लावायचं असेल तर की मधून जोडी परत करा: आधी विंग, मग इंट केलेला नंबर. ती जोडी टपल (न बदलणारी यादी) असो वा लिस्ट, तुलना घटकागणिक होते. पहिला घटक सारखा असेल तरच दुसऱ्याकडे नजर जाते.

खिळेजुळारी

काळे आणि कावळेंचं सांगतो. (इथे कोड चिकटवला की अवतरणचिन्हं वाकडी होतात आणि कॉपी करणाऱ्याला एरर येते, म्हणून शब्दांतच लिहितो.)

पायथनला मुळाक्षरं येत नाहीत. त्याला फक्त युनिकोडमधले, म्हणजे प्रत्येक चिन्हाला ठरवून दिलेले, क्रमांक कळतात. ल चा ०९३२, ळ चा ०९३३, व चा ०९३५, ह चा ०९३९. म्हणजे युनिकोडने ळ ला ल च्या शेजारी बसवलंय, आपण शाळेत ह च्या नंतर म्हणतो. आणि क्ष हे त्याच्या लेखी एक अक्षरच नाही, ती तीन चिन्हं आहेत: क, पाय मोडायचं चिन्ह, ष. पाय मोडायचं चिन्ह सगळ्या मात्रांच्या पुढच्या क्रमांकावर आहे, म्हणून क्षीरसागर कोळींच्या मागे गेले.

उपाय असा. तुम्हाला हवा तो क्रम एका स्ट्रिंगमध्ये लिहून काढा: अनुस्वार आणि विसर्ग, मग अ ते औ, मग क ते ह, मग ळ, मग क्ष आणि ज्ञ यांच्या जागी नावांत कधीच न येणारी दोन चिन्हं, मग काना ते औकार, शेवटी पाय मोडायचं चिन्ह. एन्युमरेटने (ते प्रत्येकाला ओळीने आकडा देतं) त्याची डिक्शनरी करा, चिन्हाला आकडा. आता की चं फंक्शन: नावातल्या क्ष आणि ज्ञ च्या जागी ती दोन चिन्हं टाका, आणि प्रत्येक चिन्हाचा आकडा घेऊन लिस्ट परत करा. डिक्शनरीत थेट कंसाने शोधू नका, गेट वापरा आणि न सापडल्यास उणे १ द्या. नाहीतर नाव आणि आडनाव यांच्यातल्या पहिल्याच स्पेसला गाडी अडकेल.

मग सॉर्टेड त्या आकड्यांच्या लिस्टची तुलना करतं. काळे आणि कावळे यांत क सारखा, काना सारखा, तिसऱ्या जागी ळ चा आकडा व पेक्षा मोठा, निकाल तिथेच. कदम आणि कदमबांडे असतील तर आखूड लिस्ट लहान, म्हणून कदम आधी.

क्ष बाबत मात्र काकूंशी एकदा बोलून घ्या. बरेच कोश त्याला क च्या जोडाक्षरांतच धरतात. तसं हवं असेल तर बदली चिन्हाचा उपद्व्याप करूच नका.

ट्रान्सहार्बर

गोऱ्हे! हे मी ओळखतो, आमच्याकडे नेरुळला वऱ्हाडेंचं हेच झालं होतं.

दोन्ही याद्यांतल्या गोऱ्हे या शब्दाची लांबी लेन ने काढून बघा. एकीकडे ६ येईल आणि दुसरीकडे ७, पैज लावतो. अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एका कीबोर्डवर ऱ हे वेगळं अक्षर असतं, क्रमांक ०९३१, आणि त्याचा पाय मोडतात. दुसरीकडे साधा र, पाय मोडायचं चिन्ह आणि त्यापुढे झीरो विड्थ जॉइनर, जो दिसत नाही आणि स्ट्रिप मारून जातही नाही. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे.

युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं नॉर्मलाइझ, एनएफसी पद्धतीने (म्हणजे युनिकोड ज्यांना एकच मानतं ती वेगवेगळी रूपं एकसारखी करून), दोन्ही याद्यांवर चालवाच. र खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देऊन केलेला ऱ त्याने सरळ होतो. पण जॉइनरला ते हात लावत नाही. तिथे रिप्लेस लागेल: र, पाय मोडायचं चिन्ह आणि जॉइनर ही तिकडी गेली की ऱ आणि पाय मोडायचं चिन्ह यावं. हे आधी करा, उरलेले जॉइनर नंतर उडवा. उलट केलंत तर रफार होऊन नोटीस बोर्डावर "गोर्हे" लागेल आणि ते काकूंच्याही आधी तुमच्या दारात येतील.

आणि नावांवर जुळवणी करूच नका, हे माझं स्पष्ट मत. एकाच नावावर दोन फ्लॅट असले तर सेट एकच नाव ठेवतो, दुसरं गुपचूप गळतं. विंग आणि फ्लॅट नंबर ही डिक्शनरीची की करा, नाव ही व्हॅल्यू. दोन्ही डिक्शनरींच्या की ची वजाबाकी म्हणजे राहिलेले फ्लॅट. की सारखी पण नाव वेगळं, ती तिसरी यादी, आणि खरं काम तिथेच निघतं: विकलेले फ्लॅट, वारस न लागलेले फ्लॅट.

नवशिक्या

धागा थोडा पळवतो, माफ करा. यादीवर सॉर्ट चालवून ते नव्या नावात ठेवलं तर नन येतं. का?

रात्रपाळी

सॉर्ट मूळ यादीच बदलतं, परत काही देत नाही. नवी यादी हवी असेल तर सॉर्टेड.

वाघबीळकर

ट्रान्सहार्बर, पैज जिंकलात. ६ आणि ७. जुळवणी फ्लॅटवर नेली तर तिसऱ्या यादीत बरंच काही निघालं, काकू आता त्यातच अडकल्यात. काळे जागेवर गेले. क्ष शेवटीच हवा असा निर्णय झालाय.

आता दोन प्रश्न. पाटील भरपूर आहेत, ते आपापसात फ्लॅटच्या क्रमाने यावेत, त्यासाठी की मध्ये आणखी काही घालायचं का? आणि सी विंगच्या वकीलबाईंच्या नावाआधी "ॲड." आहे, तो दोन याद्यांत जुळत नाही. एनएफसी करूनही नाही.

खिळेजुळारी

पाटलांसाठी आधी फ्लॅटने लावा, मग तीच यादी आडनावाने लावा. पायथनचं सॉर्ट स्थिर आहे, की सारखी असलेल्यांचा आधीचा क्रम ते मोडत नाही. टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये लिहिलेल्या टिमसॉर्टपासूनची ही सोय आहे.

ॲ चं दुखणं गोऱ्हेंच्याच जातीचं. ॲ हे स्वतंत्र अक्षर, ०९७२ क्रमांकाचं, युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीची सवय म्हणजे अ आणि वर चंद्र, मध्ये बहुधा जॉइनर. युनिकोड या दोघांना एक मानत नाही, त्यामुळे एनएफसी काही करणार नाही. जॉइनर उडवून झाल्यावर अ आणि चंद्र या जोडीच्या जागी ॲ टाका. तुमच्या क्रमाच्या स्ट्रिंगमध्येही ॲ आणि ऑ, तसंच त्यांच्या मात्रा आहेत ना बघा. नसतील तर ते उणे १ मध्ये जातील आणि डॉक्टर मंडळी आपल्या गटात सगळ्यांत वर येतील.