कटाना झीरो: एका खोलीत ६४ वेळा मेले. पुढे खेळू की सोडून देऊ?

रात्रपाळी_मुद्रितशोधक

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

मी मुद्रितशोधक. दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांना लाल पेनाने गोल करायचे आणि रात्री विश्रांती म्हणून परत पडद्याकडेच बघत बसायचं, असा माझा कारभार. वय ४७. आजवर खेळले ती कोडी आणि पत्ते. तीन आठवड्यांपूर्वी भाच्याने माझ्या लॅपटॉपवर कटाना झीरो हा मारेकऱ्याचा व्हिडिओ गेम टाकून दिला आणि म्हणाला, "आत्या, यातले संवाद बघ, तुला आवडतील." तलवारीबद्दल अवाक्षर काढलं नाही. कार्टा.

संवाद आवडले हे मात्र खरं. कोणी बोलायला लागलं की एक पट्टी सरकायला लागते. तिचा सुरुवातीचा भाग लाल असतो. त्या लालमध्ये बटण दाबलं की समोरच्याचं वाक्य मधेच तोडलं जातं. धीर धरला तर वेगळी, सभ्य उत्तरं समोर येतात. म्हणजे ऐकून घेणं हीसुद्धा एक चालच झाली. मी माणसांची वाक्यं तोडणारी बाई नाही, पण नायकाच्या मानसोपचारतज्ज्ञाला पहिल्याच बैठकीत तोडलं. त्याचं ते प्रेमळ बोलणं मला पटेचना.

आणि अक्षरं! घाबरलेल्याची अक्षरं थरथरतात, चिडलेल्याचा एखादा शब्द मोठा होऊन लाल रंगात आदळतो. माझ्या टेबलावर कोणी असला मजकूर आणला असता तर मी तो तसाच परत पाठवला असता. इथे बघत बसते.

आता रड. इथे एक गोळी लागली की खेळ खलास. आपणही एकाच घावात समोरच्याला आडवं करतो, पण ते पाच-सहा आणि मी एकटी. क्लबच्या लेव्हलमध्ये एका खोलीत अडकले आहे. दार, दारामागे दोघे, वरच्या मजल्यावर बंदूकवाले. वाटेल तशी गेले तरी कुठून तरी गोळी येतेच. कागदाच्या समासात पेन्सिलीने रेघा मारतेय, काल झोपण्यापूर्वी ६४ भरल्या. सोपं करायची सोय सेटिंगमध्ये मला तरी दिसली नाही.

पुढे सगळं असंच आहे का? माझ्यासारख्या मंद हाताच्या माणसाने गोष्टीसाठी म्हणून तग धरावा, की सरळ दुसऱ्या कोणाला खेळताना बघून मोकळं व्हावं? कृपा करून शेवट सांगू नका.

---

उलटी_टेप

ताई, सोडू नका. मी हा खेळ चार वेळा संपवलाय, त्यामुळे माझं मत पक्षपाती आहे हे आधीच कबूल करतो.

मेल्यावर काय होतं ते नीट बघितलंत का? व्हिडिओ टेप मागे फिरावी तशी सगळी खोली उलटी जाते आणि नायक म्हणतो, नाही, हे जमणार नाही. खोली साफ झाली की म्हणतो, हो, हे जमायला हवं. काळ लक्षात घ्या. "जमलं" म्हणत नाही, "जमायला हवं" म्हणतो. म्हणजे तुम्ही जे खेळताय ते अजून घडलेलंच नाही. तो दाराबाहेर उभा राहून मनात आखणी करतोय. त्याच्या अंगात क्रोनॉस नावाचं औषध आहे, त्याच्या जोरावर त्याला पुढचं आधी दिसतं. तुमच्या ६४ रेघा म्हणजे त्याने मनात टाकून दिलेले ६४ बेत. बाकीच्या खेळांत मेल्यावर पुन्हा जिवंत का होतो याचं उत्तर कोणी देत नाही, आपणही विचारत नाही. इथे सगळी गोष्टच त्या प्रश्नावर उभी आहे. आणखी बोललो तर शेवटाकडे जाईन, म्हणून थांबतो.

थोडी कुळकथा. खेळ आला १८ एप्रिल २०१९ला. आस्कीसॉफ्ट ही छोटी मंडळी, त्यांचा कर्ता जस्टिन स्टँडर, प्रकाशक डिव्हॉल्व्हर डिजिटल. याच मंडळींनी २००९मध्ये टॉवर ऑफ हेवन नावाचा छोटा फुकट खेळ काढला होता. त्यात वर चढत जावं तसे नवे नवे नियम लादले जातात आणि नियम मोडला की मरण. छळायची हौस जुनीच आहे त्यांची. कटाना झीरो गेममेकर या खेळ बनवायच्या सॉफ्टवेअरवर बनवलाय, हे कळल्यावर मी दोन दिवस स्वतःचा खेळ बनवायचा विचार करत होतो. मग पुन्हा क्लबची लेव्हल खेळत बसलो.

आता तुमच्या खोलीचं. तुम्ही कीबोर्डवर खेळताय ना? माऊस जोडा, टचपॅडवर हा खेळ म्हणजे आत्महत्या. तलवार कर्सरच्या दिशेने फिरते, त्यामुळे शत्रू कुठे आहे यापेक्षा कर्सर कुठे आहे ते बघा. हवेत असताना पहिला वार वरच्या दिशेने केला की अंगाला उचल मिळते, वरच्या मजल्यावरच्या माणसाच्या पायाशी पटकन पोचता येतं. नंतरच्या वारांना तितकी उचल मिळत नाही, म्हणून पहिला वार वाया घालवू नका.

गोळीपासून पळणं हीच सगळ्यांची पहिली चूक. गोळी तलवारीने परत पाठवता येते. शिफ्ट दाबून वेळ मंद करा, गोळी डोळ्यांना दिसायला लागेल, जवळ येऊ द्या आणि मारा. जिथून आली तिथे जाते. हे एकदा जमलं की बंदूकवाला तुमच्यासाठीच गोळ्या पुरवतोय असं वाटायला लागतं. मंद वेळेची बॅटरी मात्र छोटी आहे, ती भरेपर्यंत कोपऱ्यात थांबा. वर वेळेची पट्टी असते, पण ती उदार आहे. बाटली, फुलदाणी, चाकू, जे हाताला लागेल ते लांबच्या माणसासाठी राखून ठेवा. आणि दार हळूच उघडायचं नसतं, ते लाथेने उडवायचं. मागे उभा असलेला त्यातच आडवा होतो.

---

निऑनवाला

वरच्या भाविकाचं प्रवचन झालं असेल तर एक उलटा प्रतिसाद.

खेळ वाईट नाही. पण याला सायबरपंक (तंत्रज्ञानाने पोखरलेल्या भविष्यातली गोष्ट) म्हणणाऱ्यांनी एकदा सांगावं की यात सायबर काय आहे? निऑन पाट्या, पाऊस आणि सिंथचं संगीत काढून घेतलं तर उरतो तो बाथरोब घातलेला एक माणूस, ज्याला डॉक्टरच मारायची नावं देतो आणि इंजेक्शनही देतो. ना कोणाच्या अंगात यंत्र, ना कोणी कोणाच्या मेंदूत शिरतं. (बाथरोब मी म्हणत नाही, खेळातलीच माणसं त्याला तसं चिडवतात.)

दुसरं, गोष्ट अर्धी. धागे भरपूर सोडलेत आणि गाठ मारायच्या वेळी पडदा पाडलाय. शेवट सांगत नाही, पण ताई, गोष्टीसाठी खेळणार असाल तर हे आधी कळलेलं बरं.

तिसरं, बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटी येणारा मोठा शत्रू. सगळा खेळ म्हणतो, सुचेल तशी खोली सोडवा. बॉस आला की म्हणतो, आता माझं पाठांतर करा. किसीफेस नावाच्या बॉसची कुऱ्हाड कधी फिरते ते घोकायचं आणि परीक्षा द्यायची. मोकळीक तिथेच संपते.

खरा सायबरपंक आणि खरी गोष्ट हवी असेल तर सानाबी खेळा. दक्षिण कोरियाच्या वंडर पोशनचा, पूर्ण रूपात ९ नोव्हेंबर २०२३ला आला. निवृत्त लष्करी माणूस, मुलीचा सूड घ्यायला निघालेला, हाताच्या जागी यंत्र आणि त्यातून सुटणारी साखळी. छताला अडकवायची, झोका घ्यायचा, नेमक्या क्षणी सोडायची. पहिला तास तुम्ही भिंतींवर आदळत राहता, नंतर जमिनीवर पाय टेकवायची इच्छाच होत नाही. शिवाय त्यात काठिण्य निवडता येतं, म्हणजे तुमची अडचण तिथेच मिटली. दोष एकच, आणि तो मोठा आहे: बोलतात फार. छान वेगात आला असाल तर हमखास थांबवून गप्पा मारतात. तुम्हाला तो दोष वाटणार नाही बहुतेक.

निव्वळ धडाधड हवी असेल तर हंटडाऊन, २०२०चा, स्वीडनच्या ईझी ट्रिगरचा. तीन बक्षीसशिकारी, चार टोळ्या, प्रत्येक लेव्हलच्या शेवटी एक म्होरक्या. भाच्याला शेजारी बसवून दोघांनी खेळता येतो. त्यात गोष्ट शोधू नका.

---

उलटी_टेप

@निऑनवाला, अर्ध्या गोष्टीचं मान्य. बॉसचंही अर्धं मान्य. पण सायबर काय आहे म्हणे! यंत्र हातात असलं तरच सायबरपंक का? सैनिकाच्या नसेत औषध भरायचं, ते बंद केलं की त्याची जी गत होते तिच्या जोरावर त्याला बांधून ठेवायचं, आणि युद्ध संपल्यावर त्याला ओळखही दाखवायची नाही. शरीर दुसऱ्याच्या मालकीचं होणं हेच तर त्या सगळ्या प्रकाराचं मूळ दुखणं आहे. फक्त इथे तार दिसत नाही, सुई दिसते. तुझ्या सानाबीतल्या हातापेक्षा मला ती सुई जास्त भयानक वाटते.

सानाबी सुंदर आहे, त्यावर भांडण नाही. शेवटी रडलो होतो, कोणाला सांगू नकोस.

---

दोन_बटणं

चर्चा छान चाललीय, मी फक्त कामाचं बोलतो.

लखलखाट, पडदा फाटल्यासारखे झटके, अचानक पांढरे झोत: खेळात हे भरपूर आहे. फिट येण्याचा त्रास असलेल्यांनी लांब राहावं. रात्री अंधार करून खेळू नका. रक्तही खूप आहे, आणि एक-दोन दृश्यं पिक्सेलमध्ये असूनही पोटात कालवणारी आहेत.

सवयीचे लोक पाच-सहा तासांत संपवतात. ताई, तुम्ही दुप्पट धरा. म्हणजे डोंगर तेवढा मोठा नाही. मनगट दुखायला लागलं की थांबा. ६४ मधले शेवटचे ३० प्रयत्न तुम्ही दमल्यामुळे गेले असणार, पैज लावतो.

---

रात्रपाळी_मुद्रितशोधक

सगळ्यांचे आभार. पैज तुम्ही जिंकलात, दोन_बटणं. काल मुद्दाम मधे अर्धा तास विश्रांती घेतली, माऊस जोडला, आणि तिसऱ्या प्रयत्नात खोली सुटली. ती गोळी परत पाठवण्याची युक्ती... मी एकटीच खुर्चीत ओरडले. वरच्या मजल्यावरच्याने झाडलेली गोळी त्यालाच. मुद्रितशोधकाला याहून गोड काय असणार, की ज्याची चूक त्याच्याच पदरात.

पण सांगायचं ते वेगळंच आहे. खोली सुटली की नंतर आपल्याच खेळाची ती काळीपांढरी टेप चालते ना, मी आजवर ती दर वेळी पुढे ढकलत होते. मला वाटायचं, जाहिरातबाजी आहे. काल पहिल्यांदा पूर्ण बघितली. मी ती खोली जवळजवळ सगळी शिफ्ट दाबून, रांगत रांगत सोडवली होती. टेपमध्ये ते मंदपण नाहीच! सगळं खऱ्या वेगात. दार उडतं, दोघे पडतात, हा वर झेपावतो, गोळी उलटते. दोन-तीन सेकंदांत. माझी धडधड, माझं 'आता काय करू', काही म्हणजे काही दिसत नाही. कोणी बघितलं तर म्हणेल, काय सराईत हात आहे बाईचा.

एक जागा सोडून. बॅटरी भरायची वाट बघत मी जिन्यापाशी थांबले होते. तेवढा वेळ तो भयंकर मारेकरी टेपमध्ये भिंतीकडे तोंड करून नुसता उभा आहे. पाच सेकंद. बस चुकलेल्या माणसासारखा. हसून हसून पुरेवाट झाली.

आमच्या कामात असंच असतं. लाल पेनाने भरलेली प्रत कोणी बघत नाही, छापलेलं पान तेवढं बघतात. पण शोधकाला त्या पानातही कळतं, इथे लेखक अडखळला होता.

निऑनवाल्या, अर्ध्या गोष्टीचं आधी सांगितलंस ते बरं केलंस. रागावले नाही. मला गोष्ट संपण्यापेक्षा माणसं हवीत. हॉटेलातली ती स्वागतिका आठवते? हिच्याशी काय बोलायचंय, असं म्हणून मी घाईत निघाले होते, मग उगीच वाईट वाटलं म्हणून चार शब्द नीट बोलले. त्याचं पुढे काय झालं ते ज्यांनी खेळलंय त्यांना ठाऊक आहे. पोलिसासमोर उभी असताना मी श्वास धरून बसले होते, तलवार नुसतीच हातात. सगळ्या खेळात मला सगळ्यात जास्त धडधडलं ते तिथे, आणि तिथे एकही घाव घातला नव्हता. सानाबीत बोलतात फार म्हणालास, तर तो यादीत टाकलाय.

आणखी एक. घरी आला की नायक चहा करतो, सोफ्यावर बसतो, शेजारी धिंगाणा चाललेला असतो, आणि ती शेजारची छोटी मुलगी येते. तेवढ्या दोन खोल्यांवर किती जीव ओतलाय चित्रकाराने! मूठभर ठिपक्यांची पोर, चेहरा असा नाहीच, तरी मान कशी वळवते त्यावरून कळतं की तिला आज कोणाशी तरी बोलायचंय. मला आता लेव्हल सुरू करायच्या आधी तिच्याशी बोलल्याशिवाय करमत नाही, आणि तिच्याशी बोलताना मी एकदाही वाक्य तोडलेलं नाही.

तिचं पुढे काय होतं ते कोणी लिहू नका. खरंच नका.

---

निऑनवाला

नाही लिहीत. पण ताई, कानात इयरफोन घालूनच खेळा. लेव्हल सुरू होताना तो स्वतः कानात घालतो आणि मगच गाणं सुरू होतं, ते लक्षात आलंय का? लुडोविक आणि बिल काइलीने संगीतात काय केलंय ते लॅपटॉपच्या भोंग्यातून कळणार नाही. या एका बाबतीत मी त्या उलट्या टेपच्या बाजूने आहे.

---

उलटी_टेप

नोंद घेण्यात आली आहे. आजची तारीख लिहून ठेवतो.

---

रात्रपाळी_मुद्रितशोधक

इयरफोन घातले. पुढची खोली, रेघा ११. गाण्याच्या नादात दार उडवायला विसरले आणि सरळ त्यावर जाऊन आदळले.