प्रतिसाद: आधी धर्मादाय खाट मागा

रुग्णालयाचा खर्च झेपत नसेल तर "मुख्यमंत्री सहायता निधीला आधी अर्ज करा," हा इथल्या चर्चेत दिलेला सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच. एकदा भरलेला खर्च त्या निधीतून परत मिळत नाही. डिस्चार्ज झाला, बिल भरलं की विषय संपला, त्यामुळे अर्ज रुग्ण दाखल असतानाच जायला हवा. आणि त्याहीआधी रुग्णालय धर्मादाय, म्हणजे सार्वजनिक विश्वस्त संस्थेनं चालवलेलं आहे का ते विचारा, हे इथे कुणीच लिहिलेलं नाही. महाराष्ट्रात अशा रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41 अअ खाली 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के आर्थिक दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्याच लागतात.

बिलिंग काउंटरवर वाद घालू नका, थेट रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार आणि सही-शिक्क्याचं खर्चाचं अंदाजपत्रक सोबत न्या. बहुतेकांचं घोडं दाखल्यापाशीच अडतं, म्हणून शस्त्रक्रियेची तारीख ठरायच्या आधीच तो काढून ठेवा. दुर्बल घटकात बसलात तर औषधं आणि इम्प्लांटचा काही भाग तुम्हालाच भरावा लागतो. तो आकडा आधीच लेखी घ्या, आणि त्या उरलेल्या रकमेसाठी सहायता निधीचा अर्ज करता येईल का ते समाजसेवकाला विचारा. खाटा शिल्लक नाहीत म्हणाले तर तेही लेखी मागा आणि धर्मादाय सहआयुक्त कार्यालयात तक्रार द्या.